मोरीत वाहून जाणारा हिरवा प्रकाश

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील लेखात ओएलईडी पडद्यांतले (वीज दिली की ज्यांतले सेंद्रिय पदार्थांचे थर स्वतःच उजळतात, अशा पडद्यांतले) प्रकाश देणारे पदार्थ धातुविरहित असतात, असे म्हटले आहे; ते बरोबर नाही. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीतील संशोधक टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी ज्या पातळ थरातून हिरवा प्रकाश मिळवला, तो ॲल्युमिनियम आणि ऑक्झिन (८-हायड्रॉक्सीक्विनोलिन, धातूला पकडून ठेवणारा सेंद्रिय रेणू) यांच्या संयुगाचाच होता. खानदेशातील बी.एस्सी.ची मुले ॲल्युमिनियमचे प्रमाण काढताना हाच पिवळसर साका गाळून, वाळवून तोलतात आणि गुण मिळाले की मोरीत टाकतात (मीही शिकवताना वर्षानुवर्षे टाकू दिला). नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली तो हिरवट उजळतो.

कोडॅकचा थर निर्वातात बाष्प करून बसवावा लागे. याउलट, दोन्ही टोकांनी धातू पकडणाऱ्या रेणूंचे आणि जस्ताच्या क्षाराचे अशा दोन द्रावणांत काच आळीपाळीने बुडवली, मध्ये धुऊन घेतली, की जस्त दोन-दोन रेणूंना सांधत जाते आणि बहुवारिकाची (पॉलिमरची) साखळी आपली आपणच वाढते; त्यामुळे थराची जाडी बुडवण्या मोजून ठरवता येते. जस्ताचे डी-कक्षक (इलेक्ट्रॉनांच्या ठरावीक जागा) पूर्ण भरलेले असल्याने ते रेणूचा प्रकाश विझवत नाही, लोह मात्र बहुधा विझवते. ओलावा हा या थरांचा शत्रू, हेही लेखात यायला हवे होते.

कृपया पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, अमळनेर