मिक्सरमागे उभ्या असणाऱ्या साऊंड इंजिनिअरला

सप्रेम नमस्कार.

छोट्या क्लबमध्ये इंडी रॉक बँड वाजत असतो तेव्हा टाळ्या स्टेजवरच्या चौघांना मिळतात. खोलीच्या मागच्या बाजूला मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माईकचे आणि वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणाऱ्या यंत्रावर, वाकलेल्या तुमच्याकडे फारसं कुणी वळून बघत नाही. एकट्याने येणाऱ्या आम्हा मंडळींचं मात्र तुमच्याशिवाय पान हलत नाही. सोबत मित्र असले की आवाज गढूळ निघाला तरी संध्याकाळ गप्पांवर निभावते. एकटा माणूस फक्त ऐकायला आलेला असतो, आणि गाण्याचे शब्दच कळले नाहीत तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून हे आभार तुमचे. ते जाहीरपणे मानतो आहोत, कारण एकट्याने जायला बिचकणाऱ्यांच्याही ते कामी यावेत.

पहिले आभार जागेबद्दल. एकट्याने आत शिरल्यावर पहिला प्रश्न पडतो, उभं कुठे राहायचं? मिक्सरच्या अलीकडे, हातभर अंतर सोडून. तुम्ही तिथे जे ऐकता त्यावरून सगळा आवाज जुळवता, त्यामुळे ती खोलीतली सर्वांत भरवशाची जागा. स्टेजला खेटून उभं राहिलं तर बँड जवळून दिसतो, पण कानावर ड्रम आणि गिटारचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प थेट आदळतात. गायकाचा आवाज मात्र दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून तिथे उभ्या असलेल्याच्या डोक्यावरून मागे निघून जातो. शिवाय गिटार अ‍ॅम्पचे तीक्ष्ण स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ रेषेत जातात. त्या झोतात सापडलेल्याला दुसरं काही ऐकू येत नाही आणि दोन पावलं बाजूला असलेल्याला तीच गिटार बोथट वाटते. भिंतीलगत आणि विशेषतः कोपऱ्यात बास, म्हणजे खालचे जाड स्वर, साचतो, तर खोलीतल्या काही जागी तो जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी बँडला नावं ठेवण्याआधी दोन-तीन पावलं सरकून बघावं.

बऱ्याच क्लबमध्ये मिक्सरच कोपऱ्यात किंवा कडेला कोंबलेला असतो. मग तिथली जागा भरवशाची राहत नाही, आणि हे सर्वांत आधी तुम्हाला ठाऊक असतं. गाणं चालू असताना तुम्ही मिक्सर सोडून खोलीच्या मध्यावर येता, दहा-पंधरा सेकंद मान खाली घालून ऐकता, परत जाऊन एखादा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ) नखभर खाली घेता. त्या फेरीबद्दल खास आभार. अशा क्लबमध्ये आमच्यासारख्याने दोन स्पीकरच्या बरोबर मधल्या रेषेत, स्टेजपासून खोलीच्या निम्म्याहून थोडं मागे उभं राहावं.

दुसरे आभार पहिल्या गाण्याबद्दल. साऊंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, होतो रिकाम्या खोलीत. बहुतेक ठिकाणी तो उलट्या क्रमाने घेतात: मुख्य बँड आधी, सुरुवातीचा बँड शेवटी, म्हणजे पहिल्यांदा वाजणाऱ्यांची मांडणी जागच्या जागी तयार राहते. मिक्सरवर पांढऱ्या टेपची पट्टी लावून तिच्यावर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (खणखणीत वाजणारा छोटा ड्रम), बास गिटार, गिटार, व्होकल (गायकाचा आवाज) असं लिहून होतं. मग दारं उघडतात, माणसं भरतात आणि खोली बदलते. अंगावरचे कपडे आणि अंगं वरचे स्वर शोषून घेतात. दुपारी खणखणीत वाटलेला आवाज भरल्या खोलीत मंद होतो, आणि बँडही आता जोशात जास्त जोरात वाजवतो. तासाभरापूर्वी ठरवलेलं तुम्हाला पहिल्या गाण्यात पुन्हा ठरवावं लागतं. आधी गायकाचा आवाज वर आणायचा, मग किक आणि बास एकमेकांत बसवायचे, गिटारना उरलेल्या जागेत सामावून घ्यायचं. म्हणून ऐकणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच की पहिलं गाणं संपेपर्यंत जागाही बदलू नका आणि मतही बनवू नका.

याहून अवघड गोष्ट बाहेर कुणाला दिसत नाही. छोट्या खोलीत तुम्ही आवाज वाढवू शकता. स्टेजवरून जो थेट येतो तो कमी करू शकत नाही. ड्रमला माईकच लावला नाही तरी तो खोली भरून टाकतो. ड्रमर जोरात, म्हणून गिटारवाला अ‍ॅम्प वाढवतो. आता गायकाला स्वतःचं ऐकू येत नाही, म्हणून तो पायाजवळचा मॉनिटर, म्हणजे त्याचा आवाज त्यालाच ऐकवणारा स्पीकर, वाढवून मागतो. मॉनिटरचा आवाज माईकमध्ये शिरतो, तोच पुन्हा मॉनिटरमधून मोठा होऊन निघतो आणि माईक शिट्टी मारतो. ही साखळी पहिल्याच कडीला तोडण्याची तुमची युक्ती फार आवडते: जमिनीवरचा अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवायचा किंवा मागे तिरका करायचा, म्हणजे त्याचं तोंड गिटारवाल्याच्या गुडघ्यांऐवजी कानाकडे होतं. एकदा स्वतःचं नीट ऐकू आलं की तो आपणहून आवाज उतरवतो. हे सांगायला शब्दही जपून लागतात, कारण कार्यक्रमाच्या तासभर आधी कुठल्याही गिटारवाल्याला 'आवाज कमी कर' ऐकायला आवडत नाही.

शिट्टीचं दुसरं कारण गायकाच्या मुठीत असतं. शुअर एसएम ५८ हा माईक 1966 सालापासून स्टेजवर आहे. तो समोरचं जास्त ऐकतो आणि पाठीमागचं सर्वांत कमी. म्हणूनच तुम्ही मॉनिटर बरोबर माईकच्या पाठीकडे ठेवता. गायकाने जाळीभोवती मूठ आवळली की मागून आवाज आत घेणाऱ्या फटी बंद होतात आणि माईक सगळीकडचं ऐकू लागतो. त्या क्षणी अख्खा मॉनिटर बंद करणं सोपं असतं, पण मग गायक सुरावरून घसरतो. तुम्ही उंच-खालचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या 31 पट्ट्यांच्या इक्वलायझरवर कोकलणारी तेवढी पट्टी शोधून ती थोडी खाली ओढता. श्रोत्यांच्या हे लक्षातही येत नाही.

तिसरे आभार आमच्या कानांच्या वतीने. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलपेक्षा जास्त नसावी अशी मर्यादा सुचवली. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचा कामगारांसाठीचा हिशोब याहून कडक आहे: 85 डेसिबलला 8 तास, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. सुरुवातीचा बँड आणि मुख्य बँड मिळून दोन तास सहज होतात. तुम्ही डेसिबल मीटरवर नजर ठेवता आणि मिक्सरशेजारी इअरप्लगचा डबा ठेवता, त्याचं मोल मोठं आहे. फोमचे प्लग वरचे स्वर जास्त कापतात, त्यामुळे गाणं गादीखालून आल्यासारखं वाटतं. वारंवार जाणाऱ्याने सगळे स्वर सारखेच 15 डेसिबलने उतरवणारे फिल्टरचे प्लग घ्यावेत. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुलेपर्यंत 20 ते 30 सेकंद धरून ठेवायचा. नुसता टोकाशी खुपसलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी. आणि लावायचा तो पहिल्या गाण्याआधी, कान वाजायला लागल्यावर नव्हे.

तुमच्याशेजारी उभं राहण्याचे नियमही आमच्या लोकांनी पाळायला हवेत. मिक्सरवर पेला ठेवायचा नाही, एक सांडला की संध्याकाळ संपली. स्टेजकडे जाणाऱ्या जाड केबलवर उभं राहायचं नाही. तुमच्या आणि गायकाच्या मध्ये यायचं नाही, कारण तो मॉनिटर वाढवायची खूण हातानेच करतो. फोन चार्जिंगला लावायला मागायचा नाही. घरी परतायचं असतं, तेव्हा तो घरूनच भरून आणावा. गाणं चालू असताना प्रश्न नकोत, एवढंच काय, कौतुकही नको.

कौतुकाची वेळ नंतर येते, आणि शेवटचं गाणं संपल्या संपल्या ती आलेली नसते. तेव्हा तुम्ही चॅनल म्यूट करत असता, माईकना जाणारा 48 व्होल्टचा पुरवठा बंद करत असता. आधी स्पीकरना ताकद पुरवणारा पॉवर अ‍ॅम्प आणि मग मिक्सर बंद होतो, नाहीतर स्पीकरमध्ये धडाम आवाज होतो. केबल गुंडाळायला लागलात की आम्ही जवळ येऊ आणि 'शब्द न् शब्द कळला' असं सांगू. नंतर बँडच्या टीशर्ट-रेकॉर्डच्या टेबलावरही तेच सांगू, कारण आपला आवाज खोलीत कसा पोचला हे स्टेजवरच्यांना कधीच ऐकू येत नाही. त्यांना ते कळलं, तर पुढच्या वेळी मिक्सरवर कोण आहे ते विचारूनच ते तारीख ठरवतील.

आपले,
एकटे येणारे श्रोते