आईला जे वाटलं, ते आधी ऐका

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आई म्हणाली, "कट्ट्यावरचे सगळे त्या महिना चार टक्क्यांच्या योजनेत पैसे भरताहेत, यांच्याही मागे लागलेत, पण मला काही ते बरं वाटत नाही." मी "का?" विचारलं तर तिला नीट सांगता आलं नाही आणि तिने विषय बदलला. म्हणून हे पत्र. आई, तुला जे खटकतंय त्यामागे भक्कम कारणं आहेत. ती मी मांडते. बाबा, तुम्ही कागद-पेन घेऊन आकडे स्वतः तपासा.

योजना अशी की पाच लाख भरायचे आणि महिन्याला चार टक्के, म्हणजे वीस हजार घ्यायचे. तुमच्या मित्राला चौदा महिने न चुकता मिळाले, हा कट्ट्यावरचा सगळ्यात मोठा पुरावा. हिशेब करा. चौदा महिन्यांचे झाले 2,80,000. म्हणजे त्यांचे स्वतःचेच 2,20,000 अजून योजना चालवणाऱ्याकडे आहेत. धंद्यात एक रुपया न कमावतासुद्धा तो पंचवीस महिने त्यांना त्यांचेच पैसे हप्त्याने परत करू शकतो. मध्ये तुमचे पाच लाख आले, की ही मुदत आणखी लांबते. वेळेवर येणाऱ्या हप्त्यातून एवढंच कळतं, की त्याच्याकडे अजून लोकांचे पैसे शिल्लक आहेत.

1920 मध्ये बोस्टनला चार्ल्स पॉन्झीने 45 दिवसांत 50 टक्के देतो म्हणून हेच केलं, आणि सुरुवातीच्या लोकांना खरोखर दिलेही. आपल्याकडचं, मुंबईतल्या टोरेस ज्वेलरी कंपनीचं प्रकरण तर ताजं आहे. दर आठवड्याला परतावा मिळायचा, मिळालेले लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन यायचे, आणि जानेवारी 2025 च्या पहिल्या आठवड्यात दादरच्या दुकानासमोर तेच लोक पैशांसाठी उभे होते. भाजीविक्रेत्यांची आयुष्यभराची पुंजी होती त्यात.

आईला खटकलेली दुसरी गोष्ट बहुधा ही असावी. ज्याचा धंदा वर्षाला अठ्ठेचाळीस टक्के देण्याइतका चालतो, त्याला बँक बारा-चौदा टक्क्यांनी कर्ज देईल. मग तो बागेत पेन्शनरांकडे कशाला येतो? वर्षानुवर्षं घर चालवणाऱ्या बाईला भाव फारच चांगला वाटला की मालावर शंका येते. बोलून दाखवायला शब्द नंतर सापडतात.

मात्र आतल्या आवाजावर किती विसंबायचं यालाही मर्यादा आहे. "नको" वाटलं तर थांबायचं, हे ठीक. "माणूस चांगला वाटतो" यावर पैसे द्यायचे नाहीत. चांगलं वाटणं हेच तर एजंटचं काम. तो भजनाला येतो, आजोबांच्या पाया पडतो, आणि बरेचदा स्वतःही मनापासून फसलेला असतो, म्हणून त्याच्या डोळ्यांत खोटेपणा दिसतच नाही. माणूस पारखू नका, कागद पारखा.

तर पुढच्या वेळी तो आला की पावतीपुस्तक हातात घेऊन बघा. पैसे घेणाऱ्याचं नाव कंपनीचं आहे की एखाद्या व्यक्तीचं? "ठेव" लिहिलंय की "हातउसने"? हातउसने लिहिलं असेल तर उद्या तो म्हणेल, हा आमचा खासगी व्यवहार होता. कंपनीची नोंदणी, जीएसटी क्रमांक, लघुउद्योगांच्या 'उद्यम' नोंदणीचं प्रमाणपत्र यांपैकी कशानेही लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी मिळत नाही. ती परवानगी वेगळी असते. ठेवींचं रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर बघायचं आणि शेअर-गुंतवणुकीचं सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदणीकृत यादीत. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचा करार आणि पुढच्या तारखांचे चेक पाहून निर्धास्त होऊ नका. खात्यात पैसे नसतील तर चेक परत येतो आणि तिथून पुढे नोटिसा आणि कोर्टाचे खेटे.

मित्राला एक प्रश्न मात्र जरूर विचारा. एवढं व्याज देणारी कंपनी टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कर, कापते; कर कापू नका असा अर्ज भरून दिलेला नसेल तर. आयकराच्या पोर्टलवर त्यांच्या वार्षिक माहिती विवरणात हे व्याज दिसतंय का? दिसत नसेल तर तो पैसा व्याज म्हणून दाखवलेलाच नाही.

आता खरी अडचण. बाबा, तुम्हाला आकडे कळत नाहीत असं नाही. दहाजण "हो" म्हणत असताना एकट्याने "नाही" म्हणणं अवघड जातं. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या सुमारास साधा प्रयोग केला होता. तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याएवढी आहे, एवढंच सांगायचं. आधी ठरवून बसवलेली माणसं मुद्दाम चुकीचं सांगायची, आणि मग खऱ्या सहभागी माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरंही त्यांच्यासारखीच चुकायची. पण खोलीत एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तर हे प्रमाण झपाट्याने उतरायचं. तुमच्या घरात तो एकजण आधीच आहे. आई, तू पुढच्या वेळी चहा ठेवायला आत जाऊ नकोस. तिथेच बस.

आणि भिडेपोटी काही करू नका. भीड भिकेची बहीण, हे आजीचंच वाक्य. नकार द्यायला जड जात असेल तर माझ्यावर ढकला. "आमचे पैशांचे व्यवहार मुलगी बघते, तिला कागद पाठवा." एवढंच म्हणायचं, कारण देत बसायचं नाही. कारण दिलं की एजंट ते खोडायला लागतो आणि तासभर बसतो. "स्कीम आज बंद होतेय" म्हणाला तर आठ दिवस मागा. त्याचं सगळं खरं धरलं तरी आठ दिवस थांबल्याने तुमचे पाच-साडेपाच हजार जातील. खोटं असेल तर पाच लाख वाचतील. हॉलमधल्या मेळाव्याला अजिबात जाऊ नका. जेवण, टाळ्या, स्टेजवर चेक घेणारी ओळखीची माणसं, आणि मग दारातच फॉर्म भरून घेणारं टेबल. तिथे डोकं शांत ठेवणं कोणालाही जड जातं.

या आठवड्यात दोन कामं करा. बँकेत जाऊन मोठ्या एफडीची पद्धत दोघांच्याही सह्या लागतील अशी बदलता येते का विचारा. आत्ता "दोघांपैकी कोणीही" असेल तर एकाच्या सहीवर काम होऊ शकतं. आणि मोबाईलवरून पैसे पाठवण्याची रोजची मर्यादा दहा हजारांवर आणा. मोठी रक्कम पाठवायची तर बँकेत जावं लागेल, आणि जाता जाता विचार करायला वेळ मिळेल.

पैसे वाढवायचेच असतील तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. 2025 मध्ये दर 8.2 टक्के, मुदत पाच वर्षं, प्रत्येकाला तीस लाखांपर्यंत, हमी केंद्र सरकारची. पाच लाखांवर दर तीन महिन्यांनी 10,250 रुपये. बँकेतल्या ठेवींना एका बँकेत एका व्यक्तीमागे व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा असतो. तो सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. बाबा, पतसंस्थेतली ती जुनी ठेव याच कारणासाठी मुदत संपली की काढा.

त्यात पैसे भरलेल्या शेजारच्या काकांना उगाच दुखवू नका. त्यांनी सल्ला विचारला तर एवढंच सांगा की पुढचं व्याज परत तिथे गुंतवू नका, मुद्दल आत्ताच लेखी मागा, पावत्यांच्या मूळ प्रती कोणाच्या हाती देऊ नका, आणि आपले निघावेत म्हणून दुसऱ्या कोणाला आणू नका. पैसे अडकलेच तर आर्थिक गुन्हे शाखा आहे. महाराष्ट्रात 1999 च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली अशांची मालमत्ता जप्त होऊ शकते. तक्रार जितकी लवकर, तितकं जप्तीला काही शिल्लक सापडण्याची शक्यता जास्त. "फी भरा, अडकलेले पैसे काढून देतो" म्हणणारा कोणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

बुधवारी रात्री फोन करते. तोपर्यंत बाबा, त्या पावतीचा फोटो मिळाला तर पाठवा. पुढची बाजू आणि मागची, दोन्ही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं ते आईला चष्मा लावून मोठ्याने वाचायला सांगा.

तुमची,
लेक