‘लिंक’ लिहून देणाऱ्या बाईंचं आरोग्यमंत्र्यांना पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सस्नेह नमस्कार.

मी कळव्याला खारेगावात राहते. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. पूर्वी लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला यायचे. नळजोडणीचा, शाळेच्या दाखल्याचा, कधी लग्नपत्रिकेचा मजकूर. गेली चार-पाच वर्षं मात्र ‘बाई, जरा लिंकचं लिहून द्या’ म्हणून येतात. लिंक म्हणजे आजारपणासाठी ऑनलाइन पैसे मागायचं पान. रुग्णाचा फोटो, दवाखान्याचं एस्टिमेट, क्यूआर कोड आणि चार परिच्छेदांची ‘स्टोरी’. ती स्टोरी मी लिहिते. आतापर्यंत अकरा लिहिल्या.

त्यातल्या एकीची हकिकत आपल्या कानावर घालायची आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारचे रिक्षावाले भाऊ, वय ५४, रात्री जेवता जेवता ताटावरच कलंडले. मेंदूत रक्तस्राव. पहिल्या दवाखान्यात न्यूरोसर्जन नव्हता, म्हणून रात्री दीडला ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात हलवलं. ८० हजार अनामत. ती वहिनींची भिशी आणि स्टँडवरच्या पोरांचे खिसे मिळून कशीबशी भरली. सकाळी एस्टिमेट हातात पडलं, साडेसहा लाख. वहिनींचा चेहरा बघून काउंटरवरची मुलगी म्हणाली, “फंड रेझिंग करा ना, लेटरहेडवर लगेच देते.” आणि खरंच, दहा मिनिटांत सही-शिक्क्याचा कागद आला.

मंत्रिमहोदय, त्याच वेळी वहिनींच्या पर्समध्ये पांढरं रेशनकार्ड होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पांढरं कार्डही घ्यायचं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण द्यायचं, हा निर्णय शासनाने २०२३ मध्येच घेतला आहे. वहिनींच्या डोक्यात अजून ती ‘पिवळ्या-केशरीवाल्यांची योजना’. मलाही ठाऊक नव्हतं, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं तेव्हा चौकशी केली, तर ते रुग्णालय योजनेत नव्हतंच. तोवर भाऊ व्हेंटिलेटरवर. डॉक्टर म्हणाले, आता हलवू नका.

रात्री दीड वाजता योजनेतल्या रुग्णालयाचं नाव कुणी सांगितलं असतं, तर अँब्युलन्स तिकडेच वळली असती. लेटरहेडला दहा मिनिटं लागतात आणि हे एक वाक्य सांगायला चार दिवस, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

तर मग लिंक. संबंधित संकेतस्थळाच्या एका मुलाचा फोन आला. गोड बोलत होता. “मॅडम, नळ्या दिसतील असा फोटो घ्या. मुलगी रडताना असेल तर रिस्पॉन्स चांगला येतो.” वहिनींनी आयसीयूच्या दारातून मोबाइल आत धरला, सिस्टरने हटकलं, तरी एक फोटो मिळाला. मजकूर मी लिहिला. मुलगी दहावीत होती हे खरं. तिची शाळा सुटणार, हे मी पदरचं घातलं. बत्तीस वर्षं निबंधांच्या वह्यांत ‘अतिशयोक्ती टाळा’ असा लाल शेरा मारणारी मी! त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, पण वाक्य काही मी खोडलं नाही.

अठरा दिवसांत १ लाख १२ हजार जमले. दिले कुणी, ते यादीत दिसतं. स्टँडवरचे रिक्षावाले, वहिनींच्या माहेरचे, माझे जुने विद्यार्थी. म्हणजे लिंक नसती तरी पाकिटात घालून ज्यांनी आणून दिले असते, तेच. अनोळखी माणसं मोजून नऊ. त्यातूनही संकेतस्थळाने जाहिरातीचा खर्च कापला, आणि देणाऱ्यांच्या रकमेवर आपोआप ‘टिप’ लागलेली होती, ती काढायची कशी हे निम्म्यांना कळलंच नाही. त्याआधी विटाव्याच्या एका तीन वर्षांच्या पोराची लिंक मी लिहिली होती, ती दोन दिवसांत भरली. त्याचं चांगलंच झालं, मला आनंदच आहे. पण पोट सुटलेल्या, मिशाळ, चोपन्न वर्षांच्या रिक्षावाल्यावर कुणाचं बोट थांबत नाही. माझी भाषा दोन्हीकडे तीच होती.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात तर केंद्र सरकारनेच लोकवर्गणीसाठी संकेतस्थळ काढायचं ठरवलं. १६ कोटींचं इंजेक्शन असेल तर एक वेळ समजू शकते. पण मेंदूतला रक्तस्राव, बायपास, डायलिसिस यांत दुर्मिळ काय आहे? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांचे आकडे भाषणांत ऐकते. आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. बरं झालं. उरलेल्या ३९ मध्ये आमची चाळ बसते.

धर्मादाय रुग्णालयांचंही तेच. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. कायदा आहे, उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना आहे. आणि उत्पन्नाचा दाखला आणायला तहसील कार्यालयात खेपा घालायच्या त्या बाईने, जिचा नवरा आयसीयूत आहे.

माझं मागणं नव्या योजनेचं नाही. नव्या योजनेचं नाव पाठ करायचा कंटाळा आलाय. २०२१ मध्ये शासनाने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. त्याच नियमांत एवढं घाला की, एस्टिमेटच्या कागदावरच खाली लिहिलेलं असलं पाहिजे: हा उपचार जन आरोग्य योजनेत बसतो की नाही, इथे मिळत नसेल तर जवळ कुठे मिळेल, आणि धर्मादाय खाट आज कुठे रिकामी आहे. योजनेत नसलेल्या रुग्णालयांनाही हे लागू करा, किंबहुना त्यांनाच आधी. अनामत मागण्यापूर्वी हा कागद द्यायचा. रुग्ण दुसरीकडे जाईल म्हणून ते कुरकुरतील. जाऊ दे की! पॅकेजचे दर परवडत नाहीत, बिलं थकतात, अशी योजनेतल्या रुग्णालयांची ओरड असते, ती खरीही असेल. पण तो हिशोब आपण आणि त्यांनी बसून मिटवायचा, वहिनींनी नव्हे.

आणि योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांना वाट दाखवायला नेमलेला आरोग्यमित्र रात्रीही जागेवर भेटू दे. योजनेचा १५५३८८ हा नंबर मला आता पाठ आहे. मी तो चाळीच्या जिन्यात खडूने लिहून ठेवलाय. पाणी मारलं की पुसतो, मी पुन्हा लिहिते.

भाऊ वाचले. डावा हात उचलत नाही, बोलताना शब्द अडकतात. रिक्षा परमिटसकट विकली, दागिने गेले, उरलेलं कर्ज मेहुण्याचं. लिंक अजून चालू आहे, बंद कशी करायची ते सापडलं नाही. दर सोमवारी वहिनींच्या मोबाइलवर मेसेज येतो, की मोहीम थंडावली आहे, रुग्णाचा नवीन फोटो टाका. परवा त्या मला तो दाखवायला आल्या. भाऊ दारात खुर्चीवर बसले होते, दाढी केलेली, मुलगी त्यांना उजव्या हाताने चमचा धरायला शिकवत होती. ते डावखुरे आहेत.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
खारेगाव, कळवा, जि. ठाणे