पागोळीचं पाणी

कुडाळ,
दीप अमावास्येच्या आदल्या दिवशी

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, कोंबड्यांचं आवार रोज पाईप मारून धुतो, तरी वास जात नाही." तू घाईत होतास म्हणून मी नुसतं हं हं केलं, पण रात्रभर तेच डोक्यात. अरे, कोंबड्यांची जागा म्हणजे काय मोरी आहे? इगतपुरीचा पाऊस, वरून तो ओततोय आणि खालून तू. उद्यापासून पाईप बंद, फिनेलही बंद. फोनवर तू अर्धंच ऐकतोस, म्हणून कागदावर लिहिते. सूनबाईलाही वाचायला दे.

आधी एक कर. जोराची सर आली की छत्री घेऊन आवारात पाव तास उभा राहा आणि पाणी कुठून येतं ते बघ. तुझ्या आवारावर अर्धा पत्रा आहे ना? मग जमिनीवर पागोळीच्या खळग्यांची ओळ पडलेली दिसेल. चिखल तिथून सुरू होतो, कोंबड्या तो पायांनी चारी बाजूंना नेतात. पीव्हीसीचा पाईप उभा चिरलास की दोन पन्हळी होतात. पत्र्याच्या कडेला बांध आणि पाणी लांब काढ. चढाच्या बाजूला वीतभर खोल चर मार. आपल्याकडे जांभ्यात पाणी मुरतं म्हणून आपलं निभतं, तुझ्याकडची माती चिकट. पावसाळा सरला की मुरूम टाकून, उतार देऊन चोपून घे. आत्ता चिखलावर मुरूम टाकलास तर तोही चिखलच होईल.

मग तूस. घोटीकडे भाताच्या गिरण्या आहेत, दोन-चार पोती आण. पेंढा नको. भिजला की बुरशी धरतो आणि ती कोंबडीच्या छातीत जाते. छपराखाली चार बोटं जाड तूस पसर आणि एक दिवसाआड दाताळ्याने खालचा वर कर. मूठभर घेऊन आवळायचा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओला, भुरभुरला तर ठीक. आणि वास उभ्याने घेऊ नको. उकिडवा बस, कोंबडीच्या उंचीला नाक ने. डोळे चुरचुरले तर ती बिचारी दिवसभर त्यातच असते असं समज.

आता एक गोष्ट, जी तुला कधी सांगितली नाही. तुझ्या दहावीच्या वर्षी आपली बावीस पिल्लं होती, त्यातली चौदा गेली. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, मुंगसाने नेली. मुंगसाने नाही रे, माझ्या आळसाने नेली. त्या आषाढात झड लागली होती आणि मी ओल्या तुसावर रोज कोरडा तूस पसरत गेले. वरून कसं पिवळंधमक दिसायचं! पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसायला लागली, शीट रक्ताळ. मग खोरं मारलं तर खाली काळा चिकट थर निघाला, पापडासारखा, आणि त्यातून वाफ येत होती. गुरांचे डॉक्टर म्हणाले, रक्ती हगवण. शिटेतून पडलेल्या तिच्या जंतूंना ऊब आणि ओल मिळाली की दोन दिवसांत ते तयार होतात, चोचीवाटे पुन्हा पोटात जातात. औषध दिलं, आठ वाचली. तेव्हापासून ओलं दिसलं की मी ते उचलून बाहेर काढते, झाकत नाही.

पाण्याचं भांडं दोन विटांवर ठेव, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. खाली ठेवलं की त्यात पाय घालतात, सांडतात, आणि आपण पावसाला शिव्या देतो. चुना मारायचा तर जुना तूस काढल्यावर, कोंबड्या बाहेर असताना, आणि विरलेलाच. कळीचा चुना ओलाव्यावर पडला तर पाय भाजतील. चुलीची राख घमेल्यात घालून छपराखाली ठेव, त्यात लोळल्या की उवा कमी होतात.

काढलेला तूस खड्ड्यात टाकून झाकून ठेव, दोन-तीन महिने तरी. ताजा झाडांना घालू नको. बाबांनी एकदा माझं न ऐकता घातला आणि मिरच्यांची अख्खी वाफी जाळली. अजून कबूल करत नाहीत.

पंचवीस कोंबड्यांना तुझं आवार लहानच पडतंय. एकेकीला आठ-दहा चौरस फूट तरी हवं. जागा वाढवता येत नसेल तर नर कमी कर. पण उद्याच नको. उद्या गटारी, तुझे मित्र आवाराभोवती घुटमळतील. त्यांना सांग, या अंड्यांवरच्या आहेत.

पन्हळ बांधलीस की फोटो पाठव.

तुझी,
आई