वही अजून बंद करू नका

नाशिक, 21 मे 2020

भावा,

परवा फोनवर आपल्या रविवारच्या फुटबॉल लीगवरून आपलं वाजलं, अर्धवट राहिलेला सीझन रद्द करायला मी नाही म्हणालो आणि तू "माणसं मरतायत आणि तुला लीगचं पडलंय" म्हणून फोन ठेवलास, तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुझा आवाज चढला की मी गप्प होतो, म्हणून आज लिहायला बसलो. आधी सांग वहिनी कशा आहेत? कोविड वॉर्डातली ड्यूटी संपल्यावर त्यांना परस्पर हॉटेलवर ठेवतात आणि पोरगी व्हिडिओ कॉलवर रडते असं म्हणालास, ते ऐकून आई पण दोन दिवस तेच बोलत होती. तू ज्या घरातून बोलतोयस तिथून तुला फुटबॉल क्षुल्लक वाटणारच आणि ते मला पटतं. मालेगावात एप्रिलमध्ये काय झालं ते आम्ही इथून रोज ऐकत होतो.

आणि खेळ थांबवायला उशीर झाला हे पण मान्य. 19 फेब्रुवारीला मिलानमध्ये बेर्गामोच्या अटलांटा क्लबच्या व्हॅलेन्सियाशी झालेल्या मॅचला चाळीस हजाराच्या वर माणसं, निम्मं बेर्गामो तिथे, आणि पुढे त्याच बेर्गामोत शवपेट्या न्यायला लष्कराच्या ट्रक लागल्या. 11 मार्चला माझ्या लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड ग्राउंडवर माद्रिदच्या ॲटलेटिकोची मॅच, स्पेनची लीग ला लिगा बंद दाराआड सुरू झालेली असताना तिथूनच तीन हजार लोक आले. ती मॅच मी रात्रभर जागून बघितली, हरलो म्हणून डोकं धरून बसलो, आणि आता वाटतं की ती व्हायलाच नको होती. दोन दिवसांनी 13 मार्चला इंग्लंडची प्रीमियर लीग थांबली ते बरोबरच होतं.

पण थांबवणं वेगळं आणि पुसून टाकणं वेगळं रे. मला फक्त तुझा तो "सगळं रद्द करा, नव्याने सुरू करा" हा शब्द सहन होत नाही.

तू 1939 चं उदाहरण दिलंस. दिलंस ते बरंच झालं. तेव्हा महायुद्ध सुरू झालं आणि इंग्लंडची लीग मोडली, ब्लॅकपूल तिन्हीच्या तिन्ही मॅच जिंकून टॉपला होतं आणि ते सगळं रेकॉर्डमधून गेलं. पण तीन मॅच होत्या भावा! यंदा प्रीमियर लीगच्या 38 पैकी 29 झाल्यात. ऑगस्टपासून मार्चपर्यंत पोरं पावसात, बर्फात, दुखापती घेऊन खेळलीत, त्यात कोणाचा गुडघा गेला, कोणाचं पहिलं वर्ष, कोणाचं शेवटचं. ते झालंच नाही असं कसं म्हणायचं?

आणि तू म्हणालास की मी लिव्हरपूलवाला म्हणून बोलतोय. 29 मॅचमध्ये 82 पॉइंट, दुसऱ्या नंबरपेक्षा 25 ने पुढे, 1990 नंतर पहिल्यांदा टायटल, फक्त दोन विजय लांब, हो मला ते हवंय, खूप हवंय, लपवत नाही. पण लिव्हरपूलचं काय, आज नाही तर उद्या जगाला माहितीच आहे यंदा कोण भारी होतं. मला जास्त काळजी खालच्यांची वाटते. तळाचे तीन क्लब खालच्या डिव्हिजनला जातात. ॲस्टन व्हिला बघ, 20 पैकी 19 वा नंबर, 28 मॅचमध्ये 25 पॉइंट. त्यांच्या वरच्या बोर्नमथचे 27, पण 29 मॅचमध्ये. म्हणजे व्हिलाची एक मॅच उरलीये, ती जिंकली तर 28 होऊन ते वाचतात. आता दर मॅचमागे पॉइंटची सरासरी काढून सीझन संपवला तर जी मॅच खेळायलाच मिळाली नाही तिच्यामुळे एक क्लब खाली जाणार. आणि सगळं रद्द केलं तर खालच्या डिव्हिजनचं लीड्स, जे 2004 पासून वर यायला धडपडतंय आणि आत्ता 71 पॉइंट घेऊन टॉपला बसलंय, त्याला सांगणार की परत शून्यापासून. कागदावर कुठलीही लाइन मारली तरी कोणाच्या तरी मानेवर येते. खेळून हरलं तर माणूस रडतो आणि घरी जातो, पण असं हरलं तर काय करायचं?

हॉलंडने हेच केलं. 24 एप्रिलला लीग बंद, चॅम्पियन कोणी नाही, वर कोणी नाही, खाली कोणी नाही. आयॅक्स आणि एझेड या दोन्ही क्लबचे 56 पॉइंट, आणि एझेडने यंदा आयॅक्सला दोनदा हरवलेलं, तरी गोल डिफरन्सवर (मारलेले वजा खाल्लेले गोल) आयॅक्स वर राहिलं. पण माझा जीव तुटला तो कॅम्बुरसाठी, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये टॉपला, तिसऱ्या नंबरच्या 11 पॉइंट पुढे, आणि त्यांना सांगितलं की नाही, तुम्ही तिथेच. फ्रान्सने उलटं केलं, सरासरी काढून पीएसजीला टायटल दिलं आणि आमियाँ आणि तुलूझला खाली पाठवलं, दहा मॅच बाकी असताना! तुलूझचं जाऊ दे, ते फारच मागे होते, पण आमियाँ फक्त चार पॉइंट मागे होतं रे. एवढी घाई कशाला केली मला अजून कळलेलं नाही.

आपल्या भारतातल्या आय-लीगचं मात्र मला पटलं. मोहन बागानने 10 मार्चला आयझॉलला 1-0 हरवून चार राउंड बाकी असतानाच टायटल पक्कं केलं होतं, कोणी गाठूच शकत नव्हतं, मग उरलेल्या मॅच रद्द करून त्यांना चॅम्पियन म्हणणं आणि कोणालाच खाली न पाठवणं यात अन्याय कुठे झाला? 15 मार्चची ईस्ट बंगालशी डर्बी गेली याचं कोलकात्यातल्या लोकांना वाईट वाटलं असणार, पण ते वेगळं. जिथे निकाल लागलाय तिथे थांबा, जिथे लागला नाही तिथे वाट बघा, मला एवढंच समजतं.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता जर्मनीची मॅच लावली, डॉर्टमुंड-शाल्के. 81 हजारांचं स्टेडियम, आत एकही प्रेक्षक नाही. बॉलला लाथ बसल्याचा आवाज येत होता, कोच ओरडतोय ते ऐकू येत होतं, बदली प्लेयर मास्क लावून लांब लांब बसलेले. हालांडने गोल मारला आणि पोरं लांब उभी राहूनच नाचली. डॉर्टमुंड 4-0 ने जिंकलं आणि मग सगळे त्या मोकळ्या स्टँडसमोर जाऊन रोजच्यासारखे हात वर करून उभे राहिले. मला आपलं ग्राउंड आठवलं. रविवारी सकाळी सात वाजता आपल्याला तरी कोण बघायला असतं? कंपाउंडवर बसलेली चार पोरं आणि चहावाला. तरी आपण जीव तोडून खेळतोच ना.

इंग्लंडमध्ये परवा प्लेयर आणि स्टाफच्या पहिल्या कोविड टेस्टिंगचा आकडा आला, 748 जणांत 6 पॉझिटिव्ह. वॉटफर्डचा कॅप्टन ट्रॉय डीनी म्हणाला की मी ट्रेनिंगला येणार नाही, घरी पाच महिन्यांचं पोरगं आहे आणि त्याला श्वासाचा त्रास आहे. तो बरोबर आहे. खेळायचं तर ज्याला भीती वाटते त्याला घरी राहायची मोकळीक पाहिजे, त्याचा पगार कापायचा नाही की त्याला भित्रा म्हणायचं नाही. एवढं जमत नसेल तर मॅच पुढे ढकला, सप्टेंबरला खेळा, डिसेंबरला खेळा, पुढचा सीझन छोटा करा. पण त्यांची अडचण आणखी आहे, बऱ्याच प्लेयरचे करार 30 जूनला संपतात, त्यानंतर टीमच तीच राहत नाही. आणि इथेच मला आपली लीग आठवते आणि झोप उडते.

तुला माहितीये 15 मार्चचा राउंड "पुढच्या रविवारी बघू" म्हणून पुढे ढकलला आणि पुढचा रविवार निघाला जनता कर्फ्यूचा. लीगच्या निकालांची वही माझ्याकडे आहे. सहा टीम, दहा राउंड, आठ झालेत. आपले 17 पॉइंट, सिडकोवाल्यांचे 15, आणि शेवटच्या राउंडला आपली मॅच त्यांच्याशीच आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण वर आहोत, आणि ते कोणामुळे ते तू सांगायची गरज नाही. आठ मॅचमध्ये चार गोल खाल्लेत फक्त, त्यातली एक पेनल्टी.

तो आपला गोलकीपर गावी निघून गेला रे. सातपूरच्या कंपनीत काम बंद झालं, ठेकेदाराने मार्चचे निम्मे पैसे दिले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं, खोलीवर सहा जण आणि शिधा संपलेला. पोरांनी मिळून दोन-तीनदा किराणा पोचवला पण त्याला ते घ्यायला लाज वाटायची. आडगाव नाक्यापुढे हायवेवर रोज माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालताना दिसत होती, हा पण चालतच निघणार होता, मी हातापाया पडून थांबवला. मग श्रमिक ट्रेनमध्ये नंबर लागला आणि नाशिकरोडवरून गेला. लखनौ, तिथून बसने गोरखपूरच्या बाजूला गावी, तिथे चौदा दिवस शाळेत ठेवला. परवा तुझा फोन झाल्यावर अर्ध्या तासाने त्याचा आला. मी विचारलं जेवण मिळतं का, आई भेटली का, आणि तो विचारतो, "भैया, सिडको वाला मैच हो गया क्या?"

आता तूच सांग, त्याला मी काय सांगू? की आम्ही सगळं रद्द केलं, तुझ्या आठ मॅच झाल्याच नाहीत?

सिडकोवाले म्हणतायत जूनमध्ये परवानगी मिळाली की दोन राउंड उरकून टाकू. ते पण मला नकोय. एकतर पाऊस सुरू झाला की आपली काळी माती काय होते तुला माहितीये, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागायच्या आत आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये तळं झालेलं असतं. आणि दुसरं म्हणजे तो नसताना, त्यांचे पण दोन जण बिहारला गेलेत ते नसताना, जी मॅच होईल ती या सीझनची कशी होईल? आपल्याच काही पोरांना ट्रॉफी आत्ताच पाहिजे, टॉपला आहोत ना म्हणून. तीही नको. दोनच पॉइंटचा फरक आहे आणि समोरासमोरची मॅच बाकी आहे, अशी ट्रॉफी मी घरात ठेवू शकत नाही.

माझं म्हणणं एवढंच की 15 मार्चला वहीत ज्यांची नावं होती तीच नावं कायम ठेवायची, टेबल आहे तसं ठेवायचं, आणि ती माणसं परत आली की दोन राउंड खेळायचे, दिवाळीनंतर म्हण, पुढच्या उन्हाळ्यात म्हण. नवी लीग त्याच्यानंतर. कोणी आलंच नाही परत, तर तेव्हा बसून ठरवू. आपल्याला टीव्हीचे पैसे नाहीत, स्पॉन्सर नाही, कोणाची घाई नाही, मग वाट बघायला काय हरकत आहे?

रविवारी रात्री नऊला सगळ्या कॅप्टनचा ग्रुप कॉल आहे. लीग तू सुरू केलीस, तू पुण्याला गेलास तरी पोरं अजून तुझंच ऐकतात, तू "रद्द" म्हणालास तर दोन मिनिटांत विषय संपेल आणि मी काही बोलू शकणार नाही. म्हणून त्याआधी एकदा फोन कर. भांडायला केलास तरी चालेल. वहिनींना नमस्कार, पोरीला सांग की काका आला की ग्राउंडवर नेणार आहे.

तुझाच
लेफ्ट बॅक