किनाऱ्यावरचे झोत आणि विणीला येणारी कासवे

महोदय,

मंडणगड, दापोली आणि गुहागर तालुक्यांच्या किनाऱ्यावरील रिसॉर्टांच्या जाहिरातींत डॉल्फिन, समुद्री गरुड, कांदळवनातील होडीफेरी आणि कासवांच्या पिल्लांचे दर्शन यांना आता ठळक जागा मिळू लागली आहे. निवास-न्याहरीच्या दोन खोल्या मी स्वतः चालवतो, त्यामुळे निसर्ग पाहायला लोक कोकणात येतात याचा मला आनंदच आहे. परंतु ज्या पुळणीच्या जिवावर हे सारे चालते, तिच्यावर रात्रभर सोडलेल्या विजेच्या झोतांकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री अंधारात किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत दीड-एक फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि मागे न पाहता समुद्रात निघून जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातील वेळास येथे या अंड्यांचे संरक्षण सुरू केले, आणि पूर्वी चोरीला जाणारी अंडी गावकरीच राखू लागले. आज गावोगावचे कासवमित्र पहाटे उठून मादीच्या पावलांचा माग काढतात, अंडी कुंपणाच्या हॅचरीत हलवतात आणि पंचेचाळीस ते साठ दिवसांनी बाहेर पडणारी पिल्ले समुद्राकडे सोडतात. २०२१ मध्ये ओडिशात धातूची खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालायला आली होती. आपल्या किनाऱ्याचे मोल किती दूरवर पोहोचते, हे त्यावरून ध्यानात यावे.

हॅचरीतली पिल्ले माणसांच्या देखरेखीत सुटतात, तेव्हा दिव्यांनी काय बिघडते, असे मला एका व्यावसायिकाने विचारले. जे घरटे कासवमित्रांच्या नजरेतून सुटते, त्यातील पिल्ले रात्री बाहेर येतात, सर्वांत उजळ क्षितिज तोच समुद्र असे समजून चालू लागतात आणि हिरवळीवरच्या दिव्यांकडे वळतात. आणि मादी? गेल्या हंगामात एका झगमगत्या आवारासमोर मी तिच्या पावलांची कमान पाहिली: पाण्यातून वर आलेली, कोठेही वाळू न उकरता परत वळलेली. अशा परतलेल्या मादीची नोंद घरट्यांच्या आकड्यात होत नाही. ती खूण पाहून मला फार वाईट वाटले.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, या कासवाचा समावेश आहे. तरीही वाळूवर चालणाऱ्या चारचाकी मोटारबाइक, रात्रीचे संगीत आणि पिल्लांवर धरलेले मोबाइलचे फ्लॅश सुरूच आहेत.

ग्रामपंचायती, पर्यटन विभाग आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष यांना माझी विनंती आहे, की किनाऱ्यालगतच्या निवासस्थानांच्या परवानगीतच नोव्हेंबर ते मे या महिन्यांसाठी एक अट असावी: समुद्राच्या दिशेचे दिवे रात्री बंद ठेवावेत, जे अपरिहार्य असतील ते खाली तोंड करून, आडोसा लावून मंद तांबडे ठेवावेत, आणि विणीच्या पट्ट्यात वाहन जाऊ देऊ नये. आमच्याकडे पडवीचा दिवा आम्ही तीन वर्षांपूर्वीच मागल्या अंगणाकडे फिरवला, आणि त्याबद्दल एकाही पाहुण्याने आजवर तक्रार केलेली नाही.

आपला विश्वासू,
एक निवास-न्याहरी चालक, दापोली तालुका, जि. रत्नागिरी