अमेरिकेतल्या रांधणाऱ्यांचीही नोंद घ्या

प्रति,
मा. संपादक,
रविवार पुरवणी

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या जेवणावर लेख वाचला. बर्गर, पिझ्झा आणि कोल्ड्रिंक यापलीकडे त्या देशात काही शिजत नाही, जे बरे आहे ते सगळे युरोपातून उसने आणलेले, आणि स्वतःची म्हणावी अशी खाद्यसंस्कृती तिथे नाहीच, असा लेखाचा एकूण सूर आहे. वाचून फार वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

मी हर्णैचा. उभी हयात मालवाहू बोटींच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, गेली आणि चीफ कुक म्हणून निवृत्त झालो. अमेरिकेची बंदरे मला ठाऊक आहेत, आतला मुलूख फारसा पाहिलेला नाही. पण बंदरांच्या आसपास जे खाल्ले, जे रांधताना पाहिले, त्याच्या बळावर सांगतो, त्या देशात राज्य बदलले की भांड्यातले बदलते. आणि त्या भांड्यांमागची माणसे बहुतेक वेळा गरीब, गुलामीतून आलेली किंवा घरदार सोडून पळून आलेली आहेत. 'यांचे स्वतःचे काही नाही' असे आपण लिहितो, तेव्हा त्या माणसांचे श्रम पुसून टाकतो.

लुइझियाना राज्यापासून सांगतो. धान्य भरायला बोटी मिसिसिपी नदीतून वर जातात. न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज यांच्या मधल्या पट्ट्यात काठाकाठाने मोठाले ग्रेन एलेव्हेटर, म्हणजे धान्य साठवून बोटीत भरायची कोठारे, आहेत. पाऊस आला की हॅच कव्हर, म्हणजे माल भरायच्या तोंडावरची झाकणे, बंद करावी लागतात, कारण भिजलेला मका बोटीच्या पोटात घेता येत नाही. लोडिंग थांबते आणि क्रूला बाहेर पडायला सवड मिळते. रिझर्व्ह नावाच्या गावाजवळ आम्ही असेच अडकलो असताना सीमेन्स क्लबच्या, म्हणजे खलाशांसाठीच्या क्लबच्या, व्हॅनमधून आम्हाला एका चर्चच्या जेवणाला नेले. आत साठी उलटलेल्या एक कृष्णवर्णीय बाई बिडाच्या मोठ्या भांड्यात तेल आणि मैदा परतत उभ्या होत्या. मी बोटीवरचा कुक आहे असे कोणीतरी सांगितल्यावर त्यांनी लाकडी उलथने माझ्या हातात दिले आणि शेजारी उभ्या राहून गंबो नावाचा तिथला रस्सा करायला शिकवले.

तेल-मैद्याच्या त्या मिश्रणाला रू म्हणतात. लाडवाचे बेसन भाजावे तसे हे काम, मंद आचेवर, हात न थांबवता. पण बेसन बदामी झाले की आपण उतरवतो, रू मात्र बदामी, मग तांबूस, मग थेट कॉफीच्या रंगापर्यंत न्यायचा. काळे ठिपके दिसले की तो जळला. मग वाचवायच्या फंदात पडायचे नाही, सगळा टाकायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, नाहीतर कडूपणा भांडेभर उतरतो. रंग जमला की लगेच बारीक चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची घालायची. या तिघांना तिकडे 'होली ट्रिनिटी', म्हणजे पवित्र त्रिकूट, म्हणतात. भाज्यांच्या पाण्याने रूचे भाजणे तिथेच थांबते, म्हणून त्या आधीच चिरून हाताशी ठेवायच्या. मग कोंबडीचे पाणी, डुकराच्या मांसाचे धुरावलेले आन्डूय सॉसेज आणि कोंबडी. शेजारचे लाप्लास गाव स्वतःला या सॉसेजची राजधानी म्हणवते. शेवटी आच बंद करून फिले, म्हणजे सॅसफ्रास झाडाची पाने वाळवून केलेली पूड, भुरभुरायची. उकळीत घातली तर गंबोला तार सुटते. हा घट्ट रस्सा भातावर घालून खायचा.

आता या एका भांड्यात कोणाकोणाचे काय आहे ते पाहा. रू फ्रेंचांचा. कोळंबी-खेकड्याच्या गंबोत भेंडी पडते, ती आफ्रिकेतून, गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आली. फिले तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांचे. नदीचा तो काठ 'जर्मन कोस्ट' म्हणून ओळखला जातो, कारण १७२०च्या दशकात तिथे जर्मन शेतकरी वसले. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामधून इंग्रजांनी १७५५ पासून हाकलून दिलेले अकेडियन लोक नंतर आले, त्यांचेच वंशज आजचे केजन. केजन गंबो काळसर, कोंबडी-सॉसेजचा. न्यू ऑर्लिन्स शहरातल्या क्रिओल गंबोत मासळी, आणि काही घरांत टोमॅटोही. टोमॅटो घालावा की नाही यावर तिथली माणसे मनापासून भांडतात. २००४ मध्ये लुइझियानाने गंबोला राज्याचे अधिकृत व्यंजन ठरवले. हे सगळे युरोपचे उसने कसे म्हणायचे?

न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे भागात 'डूकी चेझ' नावाचे रेस्टॉरंट आहे. लीया चेझ यांनी ते अनेक दशके चालवले. वर्णभेदाच्या कायद्यांनी काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसून जेवायची बंदी होती, त्या काळात त्यांच्या माडीवर नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते जमत, बैठका घेत आणि त्यांचा गंबो जेवत. २००५ च्या कतरिना वादळात रेस्टॉरंट पाण्याखाली गेले. तेव्हा लीयाबाई ऐंशीच्या पुढे होत्या, तरी त्यांनी ते पुन्हा उभे केले. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्या पालेभाज्यांचा गंबो करत, आणि २०१९ मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी वारल्या. अमेरिकेच्या जेवणावर पानभर मजकूर छापायचा आणि त्यात या बाईंचे नाव नाही, हे मला पटत नाही.

त्याच शहरात सोमवारी घरोघरी राजमा-भात असतो. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. रविवारच्या जेवणातले डुकराच्या मांडीचे हाड राजम्यात टाकून भांडे मंद आचेवर ठेवले की दिवसभर धुणे करता येई. कपडे यंत्रात धुतले जाऊ लागले, सोमवार मात्र राहिला. याच शहरात वाढलेले ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग पत्राखाली 'रेड बीन्स अँड राइसली युअर्स' असे लिहून सही करत. त्यांच्या मनात त्या भाताची किती आठवण असेल!

आता मेरीलँडचे खेकडे. बॉल्टिमोरला कोळसा भरायला बोट लागायची. चेसापीक उपसागरातला निळा खेकडा तिथे व्हिनेगर आणि पाण्याच्या वाफेवर शिजवतात आणि वर 'ओल्ड बे' मसाला इतका दाट घालतात की कवच दिसेनासे होते. टेबलावर कागद अंथरायचा, खेकडे त्यावरच ओतायचे, ताटे नाहीत. प्रत्येकाच्या हातात लाकडी हातोडी. मसाला बोटांना लागतो आणि बोटांवरून मांसाला, म्हणून खेकडा हातानेच खायचा. आमच्या क्रूमधली कोकणची मुले त्या टेबलावरून उठायला तयार नसत.

हा मसाला गुस्ताव ब्रून यांचा. ते जर्मनीतले ज्यू, मसाल्याचे व्यापारी. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा त्यांना पकडून बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकले. तिथून सुटल्यावर कुटुंबासह ते बॉल्टिमोरला आले, येताना मसाला दळायचे छोटे यंत्र घेऊन. मासळीबाजारासमोर त्यांनी धंदा मांडला. खेकडे विकणारे येऊन मिरी-मसाला मागत, ते पाहून त्यांनी सेलरीचे मीठ, मिरी, लाल मिरची आणि इतर जिन्नसांचे मिश्रण तयार केले. नाव घेतले बॉल्टिमोरहून उपसागरात चालणाऱ्या 'ओल्ड बे लाइन' या प्रवासी बोटींच्या कंपनीवरून. जीव वाचवून आलेल्या एका माणसाच्या हाताची चव आज सगळ्या राज्याची चव आहे. मेरीलँडचा निळा खेकडा १९८९ पासून राज्याचे अधिकृत कवचधारी आहे, पण मला अभिमान वाटतो तो त्या मसालेवाल्याचा.

भात खाणाऱ्या कोकणी माणसाने सव्हाना आणि चार्ल्सटनच्या भाताबद्दल लिहिलेच पाहिजे. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या किनारपट्टीवर एकेकाळी 'कॅरोलिना गोल्ड' जातीचे भात पिके आणि त्याच्या जोरावर मळेवाले गडगंज झाले. भाताची शेती जाणणारी माणसे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणली होती. त्यांनी दलदलीतली झाडे तोडली, मैलोन् मैल बांध घातले, लाकडी उघाड्या, म्हणजे पाण्याची दारे, बसवल्या. भरतीने नदीचे गोडे पाणी वर ढकलले गेले की उघाडी उघडून ते शेतात घ्यायचे, ओहोटीला सोडायचे. पाण्यात उभे राहून काम, हिवताप आणि साप, आणि पीक दुसऱ्याच्या नावावर. ज्याने आयुष्यात एकदा तरी खाडीच्या बांधावर चिखल वाहिला आहे, त्याला हे काम काय असते ते सांगावे लागणार नाही.

त्यांचे वंशज गल्ला-गीची म्हणून ओळखले जातात. नॉर्थ कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतचा त्यांचा किनारा २००६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने वारसापट्टा म्हणून जाहीर केला. टोमॅटोतला लाल भात त्यांचा. चवळी आणि भात एकत्र शिजवलेला 'हॉपिन जॉन'ही याच किनाऱ्याचा. वर्षाच्या पहिल्या दिवशी तो खाल्ला की वर्ष भरभराटीचे जाते अशी समजूत आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथली भातशेती मोडली आणि कॅरोलिना गोल्ड शेतांतून जवळजवळ नाहीसे झाले. १९८०च्या दशकात सव्हानाच्या एका नेत्रतज्ज्ञाने सरकारी बीजसंग्रहातून थोडे बियाणे मिळवून ते पुन्हा लावले, म्हणून आज ते बाजारात मिळते.

टेक्सासचे थोडक्यात सांगतो. तिथली चिली, म्हणजे लाल मिरचीत रटरटलेले गोमांस, १९७७ पासून राज्याचे अधिकृत व्यंजन आहे. त्यात राजमा घातला तर टेक्सासचा माणूस त्याला चिली मानत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सॅन अँटोनियोच्या चौकांत संध्याकाळी कंदील लावून मेक्सिकन वंशाच्या बायका ही चिली विकायच्या. 'चिली क्वीन्स' म्हणून त्या नावाजल्या होत्या. पुढे आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून त्यांना चौकांतून उठवले. व्यंजनाला राज्याचा मान मिळाला, बायकांचे ठेले गेले.

आतल्या राज्यांचे मी वाचून जाणतो, तेही थोडेफार. न्यू मेक्सिकोत शरद ऋतूत भाजल्या जाणाऱ्या हिरव्या मिरचीचा वास २०२३ मध्ये राज्याचा अधिकृत सुगंध ठरला. ओक्लाहोमाने १९८८ मध्ये अख्खे जेवणच अधिकृत केले, त्यात तळलेली भेंडी आणि चवळीही आहे. मिनेसोटात तिथले मूळचे ओजिब्वे लोक होडीतून जाऊन, काठ्यांनी लोंब्या झोडून तळ्यातला रानभात होडीतच पाडतात. आणि साउथ डकोटाने २००५ मध्ये राज्याची अधिकृत भाकरी ठरवलेला 'फ्राय ब्रेड' कुठून आला? मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावून सरकारने शिध्यात मैदा आणि चरबी दिली, त्यातून. १८६४ मध्ये नवाहो लोकांना शेकडो मैल चालवत नेले, तेव्हाची आठवण त्यांच्यात या भाकरीशी जोडलेली आहे. म्हणून त्यांच्यातले काहीजण आज ती अभिमानाने करतात आणि काहीजण तिला हातही लावत नाहीत. मला दोघांचेही म्हणणे समजते.

लेखातली एक गोष्ट खरी आहे. बोटीवरून उतरून हायवेने कुठेही गेलो तरी तीच दुकाने, तेच बर्गर दिसतात. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्यांदा तेच भेटते, कारण ते रस्त्यावर आहे. बाकीचे चर्चच्या स्वयंपाकघरात, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत आणि लोकांच्या घरांत आहे. ते पाहायला कोणी तरी आत बोलवावे लागते. आपल्या महाराष्ट्रातली हजारो मुले आज तिथे राहतात. न्यू जर्सीत आणि टेक्सासात तर किती तरी. त्यांना आत बोलावणारे शेजारी असतील. त्यांच्याकडून राज्यवार लिहून घ्या. हॉटेलांची नावे नकोत. कोण रांधते, कोणाकडून शिकले आणि भांड्यात काय पडते एवढे लिहावे. पुरवणीत महिन्यातून अर्धे पान दिले तरी चालेल.

तोवर, कोणा वाचकाला घरी गंबो करून पाहायचा असेल तर आपल्या कोळंबीचा आणि कुर्ल्यांचा उत्तम होतो. कोळंबीची डोकी आणि साले टाकू नयेत, ती उकळून त्याचेच पाणी वापरावे. भेंडी वेगळी परतून चिकटपणा गेल्यावर घालावी. फिले इथे मिळत नाही, पण भेंडी असली की त्याची गरजही नाही. कोळंबी अगदी शेवटी, आच बंद करायच्या आधी दोन-तीन मिनिटे.

आपला,
एक निवृत्त चीफ कुक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी